ओवायला लागतो तेवढा वेळ

"मग किती वेळ गेला?" सरकारी वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"दोरा ओवायला लागतो तेवढा," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली शिंपीणबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

"मिनिटांत सांगा, बाई."

"वकीलसाहेब, बटण लावताना कुणी घड्याळ लावून बसतं का?"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. न्यायाधीशांनी मान वर केली तसं ते विरलं. हसण्यासारखं काही नव्हतंच. बाईंच्या नवऱ्याच्या पोटात कात्री गेली होती. ती खुपसणारा, त्यांच्याच दुकानात कापड बेतणारा कटर समोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, आणि त्याने ते नाकारलंही नव्हतं. शिवी ऐकली आणि कात्री चालली, या दोहोंत अंतर किती, एवढाच प्रश्न उरला होता.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. पोराला समजवावं तसं समजावून सांगायची त्यांना खोड होती. वकीलमंडळी पाठीमागे त्यांना मास्तर म्हणत.

"बाई, नीट ऐका. माणूस गेला, ते दोन्हीकडे सारखंच. पण आईवरून शिवी ऐकली, डोकं फिरलं आणि हातात होती ती कात्री चालली, तर कायदा त्याला सदोष मनुष्यवध म्हणतो. काही वर्षं शिक्षा भोगून माणूस घरी येतो. आणि शिवी ऐकली, गप्प बसला, राग निवला, मनाशी ठरवलं आणि मग कात्री चालवली, तर तो खून. त्यात उभा जन्म तुरुंगात जातो. तुम्ही जबाबात 'थोड्या वेळाने' म्हणालात. त्या थोड्या वेळात राग निवतो का, हे मला बघायचंय."

"ते मला कसं कळणार, साहेब? ह्यांनी शिवी दिली, तेव्हा मी दोरा तोडत होते. ओवायला मान खाली घातली. ओवून मान वर केली, तर हे खाली पडलेले. ओवताना दुसरं काही दिसत नाही."

"मग ओवून दाखवा."

शिपायाने फायली शिवायचा दाभण आणून दिला. बाईंनी तो उलटसुलट करून परत केला. "याच्या नेढ्यातून चऱ्हाट जाईल." मग आपल्या पिशवीतली पत्र्याची डबी उघडून त्यांनी एक बारीक सुई आणि काळं रीळ काढलं. वर बघून म्हणाल्या, "पंखा बंद करा. तेव्हा वीज गेलेली होती."

पंखा गरगरत थांबला. लिपिकाने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं.

बाईंनी दोरा दातांनी तोडला. टोक ओठांत ओलं केलं, चिमटीत पिळलं, सुई खिडकीच्या उजेडात धरली. आणि तेव्हा कुठे न्यायाधीशांच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. तराजूच त्यांनी साक्षीदाराच्या हाती दिला होता, आणि साक्षीदार मेलेल्या माणसाची बायको होती. नेढं एकदा चुकलं, दोनदा चुकलं, पाचदा चुकलं, तर कोण काय म्हणणार? चष्म्याची बाई, कोर्टाचं दडपण, कापरा हात. दोरा जितका चुकेल तितकी कटरची वर्षं वाढणार. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

ते थांबा म्हणणार होते. तेवढ्यात त्यांची नजर कटरकडे गेली. अकरा वर्षं तो बाईंच्या समोरच्या टेबलावर कापड कापत आला होता. ही बोटं कशी चालतात, ते त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.

"सहा सेकंद," लिपिक म्हणाला.

सरकारी वकील उठले. "इथे गेला, ठीक आहे. पण त्या दिवशी? वीज नाही, समोर भांडण चाललेलं. तेव्हाही पहिल्याच खेपेला गेला होता? नीट आठवा, बाई."

पहिल्या बाकावर बसलेला बाईंचा भाऊ पुढे वाकला. "ताई, आठव जरा."

"तुम्ही गप्प बसा," न्यायाधीश म्हणाले.

बाईंनी हातातली सुई पुन्हा उजेडात धरली.

"तीस वर्षं पहिल्याच खेपेला जातोय, साहेब. त्या दिवशी नव्हता गेला, असं म्हणावंसं फार वाटतं. पण गेला होता."

टंकलेखकाची बोटं यंत्रावर अधांतरी राहिली. "साहेब, मधलं वाक्यही घेऊ?"

"सगळं घ्या." मग न्यायाधीश बाईंकडे वळले. "झालं, बाई. या तुम्ही आता."

असं म्हणता म्हणता ते उठून उभे राहिले. न्यायाधीश उठले म्हणजे काम संपलं, असा रिवाज. म्हणून वकील उठले, बाकांवरची माणसं उठली, शिपायाने लगबगीने मागचं दार उघडून धरलं. न्यायाधीश मात्र दाराकडे वळले नाहीत. बाईंनी सुईतला दोरा काढून रिळावर गुंडाळला, डबी पिशवीत टाकली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्या खाली आल्या. तोवर ते तसेच उभे होते.