चाळीस खड्डे

“पान बी न्हाय, बाई. वाळकी काटकीसुदिक न्हाय.” आकारामने हात आडवा धरला. “राईतलं राईतच ऱ्हातंय.”

नसरीन रिकामी पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. गगनबावड्याजवळची ही देवराई राखायचं काम आकारामच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. मोठ्या झाडांखाली अंजनी, हिरडा, कुंभा यांची रोपं दाटीवाटीने उगवली होती. एवढ्या सावलीत त्यातली बहुतेक मरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कोल्हापुरात खड्ड्यांना तोटा नाही, पण राजारामपुरीच्या नव्या बागेतले चाळीस खड्डे नसरीनने भांडून खणून घेतले होते. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बागेत झाडं इथलीच हवीत, पाखरांच्या ओळखीची, हा तिचा हट्ट. रोपवाटिकावाले मात्र पामशिवाय बोलायला तयार नव्हते. बागेचे ठेकेदार विजयसिंह हसून म्हणाले होते, “सोमवारी धा वाजेपर्यंत तुमची झाडं आणा मॅडम. न्हायतर माझे पाम बसले म्हणून समजा.”

आज शनिवार होता.

“मामा, इथं मरणारच आहेत ती,” नसरीन म्हणाली.

“मरंनात. देवाचं हाय, देवाच्या दारात मरंल.”

नसरीनला रडूच फुटलं. “तुमचा देव राईच्या बाहेर कधी पडतच नाही काय ओ?”

“पडतोय की! मनात आलं की पालखीत बसून जातोय. त्याला कोण आडवणार?” आकाराम तोऱ्यात म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर रोपांवर गेली. मग म्हणाला, “बाग कुठं म्हणालासा?”

तिने पत्ता सांगितला आणि रिकामी पिशवी घेऊन एसटी पकडली.

सोमवारी सव्वानऊला ट्रकमधून पाम उतरू लागले. सगळे एका उंचीचे, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे. नसरीन खड्ड्यांच्या कडेने नुसती येरझाऱ्या घालत होती. इतकं वाईट तिला परीक्षेत नापास होऊनही वाटलं नसतं.

दहाला पाच कमी असताना ढोल वाजला. रिक्षा थांबल्या. दुकानदार पायरीवर आले. टेम्पोतून उतरून राईजवळच्या वाडीतली वीसेक माणसं शालीने झाकलेली पालखी खांद्यावर घेऊन येत होती. पुढे आकाराम, डोक्याला नवा पटका. गुलाल तर असा उधळला होता की पांढरा शर्ट एकाचाही उरला नाही.

विजयसिंहांनी आधी बूट काढले, मग हात जोडले. “पाम बाजूला घ्या रं! देवाच्या वाटंत काय लावलायसा!” ते गड्यांवर ओरडले. वाट मोकळी झाली.

पालखी खड्ड्यांच्या मधोमध टेकली. नसरीनने डोक्यावरून ओढणी घेतली. देव पाहुणा आला होता, तिला बरं वाटलं, पण खड्डे रिकामेच होते.

आकारामने शाल बाजूला केली. आत ओळीने चाळीस रोपं बसली होती. प्रत्येकाच्या मुळाशी राईतली माती, पानात बांधलेली. मूर्ती कुठेच नव्हती.

“मामा,” नसरीन हसत होती आणि डोळे पुसत होती, “आणि देव कुठाय?”

आकारामने पहिलं रोप उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं.

“त्यो काय, तुमच्याच हातात हाय. नीट धरा, बाई.”