सौजन्य

कानात बसणारे यांत्रिक दुभाषे आल्यापासून शाळांतले भाषांचे तास बंद पडले होते. त्यामुळे 'फ्रेंच शिकवायला शिक्षिका हवी' ही जाहिरात मृणालिनी खांडेपारकरांना जुनीच वाटली. तरी त्यांनी अर्ज केला.

मुलाखत श्रीरंग देवस्थळींच्या घरी झाली. त्यांची बायको मादलेन फ्रेंच होती.

"दुभाषा असताना भाषा कशाला शिकायचीय?" बाईंनी विचारलं.

"सहा वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही," श्रीरंग म्हणाले. "दुभाषा बोचरं ते गाळून त्याजागी गोडच काहीतरी सांगतो, कायदाच आहे तसा. हल्ली ती रडते, आणि माझ्या कानात मात्र हवापाण्याच्या गप्पा येतात."

तेवढ्यात मादलेन कॉफी घेऊन आली. कप ठेवता ठेवता ती काहीतरी बोलली.

"आज उकडतंय म्हणाली ना?" श्रीरंगांनी विचारलं.

बाईंनी दुभाषा कधीच लावला नव्हता. खरं सांगितलं तर ही नोकरी मिळायच्या आधीच जाणार, हे त्यांना कळत होतं.

"शुक्रवारी मी कायमची आईकडे जातेय, असं म्हणाल्या. तिसऱ्यांदा सांगतेय म्हणाल्या."

 श्रीरंगांनी कानातला दुभाषा काढून टेबलावर ठेवला.

"'जाऊ नकोस'ला काय म्हणतात?"

"आधी 'का' विचारायला शिका," बाई म्हणाल्या. "पूर्क्वा."

श्रीरंगांनी तो शब्द अडखळत उच्चारला. मादलेन थबकली. मग खुर्ची ओढून ती समोर बसली आणि बोलू लागली. श्रीरंगांना काहीच कळत नव्हतं, पण तिचा आवाज चढलेला होता, तेवढं कळलं.