पुढच्या तीस वर्षांचा सर्च

कानडे वकिलांनी फ्लॅटच्या मालकीचा मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट चटकन बाजूला ठेवला. पुढच्या तीस वर्षांचा मात्र ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

"बिल्डरची काही भानगड निघतेय का पुढे?" अनिरुद्धने विचारलं. फ्लॅट तीन वर्षांच्या ईराच्या नावावर घ्यायचा होता. ती हेमांगीच्या मांडीवर बसून वकिलांच्या शाईच्या पॅडमध्ये बोटं बुडवत होती.

"बिल्डर चोख आहे. पण नवव्या वर्षी वारसनोंद दिसतेय," वकील म्हणाले. "ईराच्या नावावरून तुम्हा दोघांच्या नावावर."

लेकीचं घर आईबापाकडे कसं येईल, असं हेमांगी विचारणारच होती. पण वारसनोंद माणूस गेल्यावरच होते. नवव्या वर्षी ईरा बारा वर्षांची असणार होती.

"मग तिचं नावच नको!" अनिरुद्ध घाईघाईने म्हणाला. "आमच्या नावाने काढून बघा ना, साहेब."

वकिलांनी नावं बदलली. नवा रिपोर्ट अगदी कोरा निघाला.

"बघ, गेलं की नाही?" अनिरुद्ध हसायलाच लागला. "उगाच घाबरलो."

"नोंद गेली हो," वकील हळूच म्हणाले. "माझ्या हातात तेवढंच असतं."

अनिरुद्धचं हसू विरलं. हेमांगी बराच वेळ लेकीचे केस मागे सारत राहिली.

"साहेब, तिचंच नाव राहू द्या," शेवटी ती म्हणाली. "नऊ वर्षं तरी तिला म्हणू दे, हे माझं घर आहे."