ड श्रेणीची शाळा

मुतारीच्या दारातच उत्कर्षानं रुमाल नाकाला लावला.

"आत जायलाच हवं का?" अभयनं विचारलं. खराडीच्या कंपनीत तो तिच्या शेजारी बसायचा. कंपनी ज्या शाळांना मदत करते, त्यांच्या पाहणीतही तिचा जोडीदार तोच.

"गुण द्यायचेत तर बघायला नको?"

आत चिखल पसरला होता. दूरच्या कोपऱ्यात फरशीची एक कड तेवढी पांढरीशुभ्र चमकत होती. दाराशी कुजक्या पाण्याची बादली अशी ठेवली होती, की ती ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये.

विश्रांतवाडीतली ही महापालिकेची लहानशी शाळा, पाचवी ते आठवी. उत्कर्षाची आई, वाघमारेबाई, याच शाळेत उभा जन्म शिकवून नुकतीच कॅन्सरनं गेली होती. उत्कर्षानं ते इथं कुणाला सांगितलं नव्हतं. तिचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं होतं, आणि आईनं घर आणि शाळा यांची गाठ कधी पडू दिली नव्हती.

पाहणीसाठी ही शाळा तिनं मागून घेतली होती. आई रोज दिवेलागणीनंतर घरी यायची, आणि आली तरी बोलणं शाळेचंच. आमची चैताली अपूर्णांक तोंडी सोडवते, आमची मुलं जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं मागतात. शेवटी दवाखान्यात, सलाइन लावलेल्या हातानं उत्कर्षाचा लॅपटॉप खाली करून तिनं विचारलं होतं, "तुमची कंपनी शाळा दत्तक घेते, ती काय बघून गं?"

तेव्हाही शाळाच. उत्कर्षा वैतागली होती. "शाळा जितकी भिकार, तितकी आमची माणसं खूश."

आईनं उशाशी पडलेला आपला फोन जवळ ओढला होता.

"यंदाचं लक्षात आहे ना?" व्हरांड्यात अभय हळूच म्हणाला. "मदत फक्त 'अ' आणि 'ब'ला. 'ड' आली, तर महापालिका शाळाच बंद करणार, मुलं दुसरीकडे. आणि शाळेला आधी कळू द्यायचं नाही. कळलं की यांची नाटकं सुरू."

एक तरी गोष्ट सापडावी, असं उत्कर्षाला वाटत होतं. निदान 'क' देता येईल एवढी. आईच्या नावाची म्हणून.

मुख्याध्यापक नागोराव सर समोरून आले. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. "या, या. आमचं हे असंच आहे बघा," ते म्हणाले. लाज नावाची वस्तू त्यांच्या आवाजात नव्हती.

व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीला कुलूप होतं. "ते काय?"

"अडगळ. किल्ली हरवली."

सातवीच्या वर्गात भिंतीवर नुसते खिळे होते आणि खिळ्यांखाली चौकोनी, उजळ डाग. नकाशा उलटा टांगलेला. मुलं धुळीत बसली होती. नखं मात्र सगळ्यांची कापलेली.

"महाराष्ट्राची राजधानी?" अभयनं विचारलं.

"विश्रांतवाडी!" मागच्या रांगेतून एकजण ओरडला. बाकीच्यांनी ओठ दाबून माना खाली घातल्या.

"चैताली कोण?" उत्कर्षानं विचारलं.

दोन वेण्या घातलेली मुलगी उभी राहिली.

"अर्धा आणि पाव मिळून किती?"

मुलीनं सरांकडे पाहिलं. "येत नाही, मॅडम."

असल्याच मुलांसाठी आई संध्याकाळी थांबायची, उत्कर्षाला वाटलं. त्यांचं कौतुक ऐकत लहानपणी आपण एकटीनं वाढून घेतलेलं ताट गार करायचो.

सरांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीमागेही एक रिकामा खिळा होता. खाली फरशीवर झेंडूच्या दोन पाकळ्या.

"इथं कुणी वाघमारेबाई होत्या म्हणे?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "होत्या. गेल्या."

एवढंच. साधा फोटो नाही. आईचा सगळा जन्म या माणसानं दोन शब्दांत निकालात काढला. उत्कर्षानं मोबाइल टेबलावर आपटला आणि अभयच्या हातातला टॅब ओढून घेतला.

"किती बसतात मॅडम गुण?" सरांनी पुढे वाकून विचारलं.

"'ड.' त्याच्या खाली काही ठेवलेलं नाही म्हणून."

त्यांचा चेहरा चक्क उजळला. निर्लज्जपणालाही काही हद्द असते, तिला वाटलं. तिनं बटण दाबलं.

"गेलं," अभय म्हणाला. "आता वरच्या साहेबांनासुद्धा बदलता येत नाही."

गाडी आळंदी रस्त्याला लागली, तेव्हा तिला मोबाइल आठवला. गाडी शाळेपाशी परत आणून, अभयला तीतच बसवून ती एकटी आत गेली.

व्हरांड्यात फिनाइलचा वास होता. मुतारीत दोन मुलं पाइप धरून उभी होती आणि चिखलाखालून पांढऱ्या फरशा उघड्या पडत होत्या. टोकाच्या खोलीचं कुलूप निघालं होतं. आत छतापर्यंत पुस्तकं, आणि ओळीत बसून वाचणारी मुलं. सातवीच्या वर्गात तक्ते भिंतीवर परत चढत होते. फळ्यापाशी चैताली खडू घेऊन एका लहान मुलीला सांगत होती, "अर्धा म्हणजे दोन पाव. त्यात आणखी एक पाव. मग? अगं, बाई कशा सांगायच्या, चित्र काढ."

सरांच्या खोलीत नागोराव सर खुर्चीवर चढून फोटो टांगत होते. हार घातलेला. फोटोतून आई हसत होती.

चाहूल लागून ते वळले. धडपडत खाली उतरले आणि त्यांनी हात जोडले.

"मॅडम, बघितलंत ते विसरा. पाहिजे तर मला चार शब्द सुनवा, पण तेवढा 'ड' बदलू नका. कॉम्प्युटर येतील, पोरांचं भलं होईल. आमच्या वाघमारेबाईंनी दवाखान्यातून निरोप धाडला होता, कंपनीची माणसं येतील तेव्हा सगळं झाकून ठेवा म्हणून. त्यांची लेक तुमच्यासारखीच कंपनीत आहे. तिनंच सांगितलंय त्यांना, शाळा जितकी भिकार, तितकी तुमची माणसं खूश."