एकेचाळिसावं मेडल

फलटणपासून कवठ्यापर्यंत तीस वर्षं हिंडून लालासाहेबांनी शिपाईगड्यांची मेडलं जमवली होती. ती पेटी उद्या सांगलीच्या एका नव्या संग्रहालयात जायची होती, आणि नेमक्या नावांच्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या. काठावरचं कोरीव नाव वाचावं, तर डोळ्यांत मोतीबिंदू. शेवटी थकून त्यांनी शालूबाईंना हाक मारली. बायकोला अक्षर येत नाही, हे ठाऊक असूनही.

"ह्ये धोंडुबाईचं," पहिलं हातात घेताच शालूबाई म्हणाल्या. "कडीत काळा दोरा हाय न्हवं? दहिवडीची. च्या प्याली न्हाई, उंबऱ्यातनं दोनदा माघारी वळली."

"अगं, शिपायाचं नाव इचारतोय मी!"

"त्यो कुठं आलाता द्यायला? तीच आली." त्यांनी दुसरं उचललं. "ह्ये बनाबाईचं. देव्हाऱ्यात ठेवलंतं तिनं. हळद अजून गेली न्हाई."

लालासाहेब हरले, आणि नुसते ऐकत राहिले. चाळीस मेडलं झाली, चाळीस बाया झाल्या. तळाचं शेवटचं कोरं करकरीत होतं. ते शालूबाईंनी मुठीत घेतलं.

"ह्ये कुणी आणलं?" लालासाहेबांनी विचारलं.

"पोस्टमननं. आपला ल्योक गुंडा लढाईवरनं आला न्हाई, ह्येच आलं. अंगठा म्या दिला, आन् पेटीत तुमी टाकलं."

मग लालासाहेबांनी चाचपत हात पुढं केला. "संग्रहालयवाल्यांना एकेचाळीस कळवलीत गं."

शालूबाईंनी मूठ उघडली नाही.

"आवं, बाकीची ज्येच्या त्येच्या बाईनं आपल्या हातानं दिली. ह्ये म्या अजून दिलेलं न्हाई."