उभ्या ढोलाचा हक्क

"हा माझा चेहरा आहे!" बोंगनाईमने ढोलावर कोरलेल्या गोल डोळ्यांवर काठी आपटली. "माझ्या आज्याने मिळवलेला. चोरलाय या नालायकाने!"

माणसाहून उंच असा तो लाकडी ढोल अंब्रिम बेटाच्या किनाऱ्यावर बोटीची वाट बघत आडवा पडला होता. असेच तीन ढोल आधीच राजधानीतल्या दुकानात गेले होते, पर्यटकांना अस्सल म्हणून विकायला. कोरणारा एलियास पलीकडच्या वस्तीतला. हात सोन्याचा, कबूल. पण नुसता हात असून काय उपयोग? हक्क नसताना कोरलं की ती चोरीच. हा चेहरा कोरायचा हक्क बोंगनाईमच्या आज्याने भर मैदानात डुकरं देऊन विकत घेतला होता, आणि असा चेहरा एका वेळी एकाच घरात नांदतो.

म्हाताऱ्याच्या जिवाला घोर होता तो मुलाचा. आल्बेर राजधानीच्या धक्क्यावर ओझी वाहत होता. कंद काढणीला परत येऊन तो बापाच्या हातून छिन्नी घेणार होता. नकली ढोल असे सुटत राहिले तर पोराने कोरायचं काय आणि खायचं काय?

प्रकरण गावाच्या मैदानात आलं. वडाखाली मुखिया मानसाक बसला.

"एलियास, ढोल तू कोरलेस?"

"कोरले."

"हक्क कुठाय?"

"मागायला गेलो होतो. बोंगनाईमकाका म्हणाले, तुझ्या बापाने जन्मात एक तरी धड डुक्कर पाळलंय का, ते आधी विचारून ये."

लोक हसले. बोंगनाईम सगळ्यांत मोठ्याने हसला.

मानसाकने निवाडा दिला. "दुकानाचे पैसे बोंगनाईमला दे. हत्यारं इथे जमा कर. पुन्हा या चेहऱ्याला हात लावायचा नाही."

एलियासचा चेहरा उतरला. तो मटकन खाली बसला.

"पैसे?" बोंगनाईम ताडकन उठला. "माझ्या आज्याच्या चेहऱ्याची भरपाई नोटांनी? मला डुकरं हवीत. पूर्ण वळलेल्या सुळ्यांची, पाच! इथे, सगळ्यांसमोर, यानं माझ्या हातात दोऱ्या द्यायच्या."

"बोंगनाईम, विचार करून बोल. पैसे घेऊन मोकळा हो."

"केलाय विचार."

बायको लेमेलेने त्याचा सदरा ओढला. "अहो, घ्या ना ते पैसे. मिटवा की एकदाचं."

"तू गप गं! याची चांगली जिरवतो."

मानसाकने पुन्हा विचारलं, "डुकरंच?"

"डुकरंच."

सुळा गोल वळायला सात-आठ वर्षं लागतात. एलियासच्या घरी असलं एकही डुक्कर नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगेल. तो दारोदार हात पसरत हिंडणार, या विचारानेच बोंगनाईमला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्याने पानात भाजलेलं कंदाचं लापलाप दोनदा मागून खाल्लं.

दहाव्या सकाळी पलीकडची अख्खी वस्ती मैदानात उतरली. मामाने एक दिलं होतं, सासऱ्याने दोन, उरलेली भावकीने. पाच डुकरं, पाचांचे सुळे बांगडीसारखे गोल. बोंगनाईमची छाती फुगली. त्याने एकेक दोरी हातात घेतली, एकेका डुकराच्या डोक्यावर काठी टेकवली आणि मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "घेतलं!" लोकांनी पाय आपटले. एलियासने मान वर केली नाही. आजासुद्धा याच मैदानात उभा राहिला असेल, असं मनात आलं आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"आता याची हत्यारं जमा करा," तो म्हणाला.

कोणीच हललं नाही.

"हत्यारं कशाला?" मानसाक हळूच म्हणाला. "डुकरं आली, दोऱ्या तू तुझ्या हाताने घेतल्यास, सगळ्या गावाने पाहिलं. तुझ्या आज्याने याहून वेगळं काय केलं होतं? पैसे घे म्हणून मी तुला सांगत होतो, बाबा."

बोंगनाईमच्या हातातल्या दोऱ्या सुटल्या. एलियासने त्या गोळा केल्या आणि पुन्हा त्याच्या मुठीत नीट ठेवल्या.

"काका, आल्बेर आला की माझ्याकडे पाठवा," तो अदबीने म्हणाला. "त्याला कोरायचं असेल, तर किती डुकरं घ्यायची ते ठरवू."