झोपताना लावायचा पट्टा

करंगळीला टाचणी टोचली तरी मारुतीअण्णा हूं की चूं करेनात. शेजारचं बोटही तसंच मुकं.

“कोपर आपटल्यावर झिणझिणतं ना, अण्णा, ती तिथली नस,” देशपांडे नगरातल्या डॉक्टर दीपश्री म्हणाल्या. “कोपर वाकवून तासन्‌तास टेकून बसलं की ती चेंगरते. दुकानात टेकता?”

“दुर्गदबैलाच्या बाजारात कापडाचं दुकान, अक्का. टेकायला सवड कुठली!”

“फोन कानाला लावून बसता?”

“तो हिच्या कानाला असतो.”

शेजारी बसलेल्या बायकोनं, शालिनीवहिनींनी, हातातला फोन पिशवीत टाकला.

डॉक्टरांनी एक लांब, ताठ पट्टा काढला. “मग हा झोपताना लावा. कोपर वाकता कामा नये.”

“झोपताना म्हणजे,” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “कीर्तनाला जाताना लावायला पाहिजे की.”

अण्णांचे कान लाल झाले. राममंदिरातली पहिली रांग, गुडघ्यावर कोपर, तळव्यावर गाल, डोळे मिटलेले. कीर्तनकार बाळाचार्यबुवा त्यांच्याकडं हात करून सगळ्यांना सांगायचे, “श्रवणभक्ती बघायची तर ही बघा!”

“बुवांना कळलं तर काय तोंड दाखवू मी?”

“मग जागं राहा.”

संध्याकाळी अण्णा पट्टा बांधून पहिल्या रांगेत बसले. बुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलं. सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन निघाला. अण्णांना नेहमी इथंच डोळा लागायचा. आजही मान कलली, पण गालाला तळवा मिळेना. दचकून जागे. पुन्हा कलली, पुन्हा दचकले. तोवर सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचला. फाटकं धोतर बघून द्वारपाल हसले. अण्णांना त्यांचा भयंकर राग आला.

आत निरोप गेला. नाव ऐकताच देव ताटावरून उठला, अनवाणी धावत सुटला. ते धावणं सांगताना बुवा या वयातही स्वतः चार पावलं धावले.

अण्णांचे डोळे भरून आले. पुसायला उजवा हात उचलला, तो वाकेना. शाळेतल्या पोरासारखा ताठ वरच राहिला.

बुवांच्या चिपळ्या थांबल्या. “काय अण्णा? काही विचारायचंय?”

सगळं देऊळ बघायला लागलं. बायकांच्या बाजूला शालिनीवहिनींनी डोळे गच्च मिटून घेतले.

“होय की, बुवा,” अण्णा हात तसाच वर ठेवून म्हणाले. “पुढं काय झालं?”